जेम्स मॅडिसन व हक्कांची सनद

अमुक एक हक्क राज्यघटनेत लिहिलेला आहे, तेव्हा त्याची आता काळजी नको, असे आपण सहज बोलून जातो. घटनेत हक्क लिहून ठेवण्याची रीत ज्यांनी रूढ केली, त्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा चौथा राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन याचे नाव अगदी पुढे येते. तेथील घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांना हक्कांची सनद म्हणतात. ती त्यानेच मांडली व चिकाटीने मंजूर करून घेतली. परंतु हाच मनुष्य आरंभी अशा सनदेच्या विरुद्ध होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे मन कशाने वळले, आणि सनद झाल्यावरही तिच्या बाहेर कोण कोण राहिले, हे त्याच्या चरित्रात पाहण्यासारखे आहे. आमच्या वाचकांना त्यात विशेष गोडी वाटावी, कारण तुरुंगाच्या गजांआडून उपदेश करणारे काही साधे उपदेशकही या कथेत आहेत.

मॅडिसनचा जन्म १६ मार्च १७५१ रोजी व्हर्जिनियातील पोर्ट कॉनवे येथे, आजोळी झाला. बारा भावंडांत तो थोरला. वडील ऑरेंज काउंटीतले सर्वांत मोठे जमीनदार. तंबाखूची शेती, राबायला गुलाम, आणि मंडळीच्या कारभारी पंचांत मानाची जागा, असे ते घर होते. मुलगा मात्र देहाने किरकोळ. उंची सुमारे पाच फूट चार इंच, आणि आवाज इतका बारीक की भरल्या सभेत मागच्या बाकांवर तो ऐकू जात नसे. आपण फार दिवस जगणार नाही असे तरुणपणी त्याला स्वतःलाच वाटे. तो पंचाऐंशी वर्षे जगला.

शिक्षणासाठी त्याला १७६९ मध्ये प्रिन्स्टन येथील कॉलेजात पाठविण्यात आले. तेथील प्रमुख जॉन विदरस्पून हे स्कॉटलंडहून आलेले प्रेसबिटेरियन पाळक होते. पुढे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांनी सह्या केल्या त्यांत सेवेत असलेले पाळक असे हे एकटेच. त्यांच्या हाताखाली मॅडिसनने १७७१ मध्ये पदवी घेतली व नंतर काही महिने तेथेच राहून हिब्रू भाषेचा अभ्यास केला. मग तो घरी परतला. परतल्यावर शेजारच्या काउंटीत त्याने जे पाहिले ते तो आयुष्यभर विसरला नाही.

त्या काळी व्हर्जिनियात इंग्लंडची मंडळी ही सरकारी मंडळी होती. तिच्या पाळकांचा पगार सर्वांच्या करातून निघे, मग कर देणारा कोणत्याही पंथाचा असो. इतर पंथांच्या उपदेशकांनी सरकारचा परवाना घेऊनच उपदेश करावा असा नियम होता. बॅप्टिस्ट उपदेशकांपैकी अनेकांनी हा परवाना मागण्याचे नाकारले. सुवार्ता सांगण्याची आज्ञा ज्याने दिली त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाची परवानगी का मागावी, अशी त्यांची भूमिका. १७६८ मध्ये स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीत जॉन वॉलर, ल्यूइस क्रेग वगैरेंना शांतताभंगाच्या आरोपावरून अटक झाली आणि तेथून अटकांचे सत्रच सुरू झाले. हे लोक तुरुंगाच्या खिडकीतून उपदेश करीत व बाहेर माणसे जमून ऐकत. कल्पेपर काउंटीच्या तुरुंगात जेम्स आयर्लंड नावाच्या उपदेशकाचे फार हाल झाले. मॅडिसन स्वतः बॅप्टिस्ट नव्हता. पण जानेवारी १७७४ मध्ये आपल्या एका कॉलेजमित्राला लिहिलेल्या पत्रात, शेजारच्या काउंटीत पाच-सहा सज्जन माणसे केवळ आपली धर्ममते प्रसिद्ध केल्याबद्दल कोठडीत आहेत याचा त्याने संतापाने उल्लेख केला आहे. त्या वेळी तो तेवीस वर्षांचाही नव्हता.

दोन वर्षांनी, म्हणजे १७७६ मध्ये, तो व्हर्जिनियाच्या प्रतिनिधी-परिषदेवर निवडून गेला. तेथे जॉर्ज मेसन या ज्येष्ठ गृहस्थाने हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा केला होता. धर्माच्या बाबतीत सर्वांना पूर्ण सहिष्णुता मिळावी, असे त्यात होते. शब्द चांगलाच होता. पण मॅडिसनला तो पुरेसा वाटला नाही. सहिष्णुता म्हणजे थोरल्याने धाकट्याला चालवून घेणे. आज चालवून घेतो, उद्या घेणार नाही. म्हणून त्याने शब्द बदलून घेतले, आणि धर्म पाळण्याचा सर्व माणसांना सारखाच हक्क आहे, असे त्या कलमात आले. पंचवीस वर्षांच्या, बारीक आवाजाच्या या तरुणाने केलेली ही पहिली दुरुस्ती. आमच्या मते त्याच्या सर्व कामात हीच सर्वांत खोल जाणारी होती. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत मात्र तो पडला, कारण मतदारांना दारू पाजण्याची तेथील चाल त्याने पाळली नाही.

१७८४ मध्ये वेगळाच प्रसंग आला. पॅट्रिक हेन्री हा त्या प्रांताचा सर्वांत मोठा वक्ता. ख्रिस्ती धर्माच्या शिक्षकांच्या निर्वाहासाठी सर्वांवर कर बसवावा असे विधेयक त्याने उचलून धरले. कर भरणाऱ्याने आपला पैसा कोणत्या मंडळीला जावा ते स्वतःच सांगायचे, म्हणजे कोणावर जुलूम नाही. आमच्यापैकी काहींना वाटेल की यात वाईट ते काय? मंडळीच्या खजिन्याची स्थिती ज्यांना ठाऊक आहे त्यांना तर ही योजना गोडच वाटेल. व्हर्जिनियातही अनेक भल्या माणसांना ती गोड वाटली. मॅडिसनने १७८५ च्या उन्हाळ्यात, आपले नाव न घालता, पंधरा मुद्द्यांचे एक निवेदन लिहून लोकांच्या सह्यांसाठी फिरविले. जे सरकार आज सर्व ख्रिस्ती पंथांसाठी थोडे पैसे वसूल करू शकते ते उद्या एकाच पंथासाठीही करू शकेल, असा त्याचा मुख्य रोख होता. शिवाय ख्रिस्ती धर्म पहिली काही शतके सरकारच्या मदतीवाचूनच, किंबहुना सरकारच्या छळातच वाढला, आणि सरकारी आश्रय मिळाल्यावर पाळकांत आळस व गर्व आणि लोकांत अज्ञान वाढले, असेही त्याने लिहिले. या निवेदनावर सुमारे दीड हजार सह्या झाल्या. दुसऱ्या एका निवेदनावर, जे विशेषेकरून बॅप्टिस्टादी मंडळ्यांतून फिरले, जवळजवळ पाच हजार झाल्या. विधेयक मागे पडले, आणि जानेवारी १७८६ मध्ये जेफरसनने पूर्वीच लिहून ठेवलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसनने तेथील विधिमंडळाकडून मंजूर करून घेतला.

एवढे सगळे केलेला मनुष्य हक्कांच्या सनदेला विरोध कसा करील? पण त्याने केला. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात पंचावन्न प्रतिनिधींनी नवी राज्यघटना तयार केली. तिच्या आराखड्यात मॅडिसनचा मोठा वाटा होता, आणि रोजच्या चर्चेची टिपणे त्याने इतक्या निष्ठेने ठेवली की आज त्या सभेविषयी जे कळते ते मुख्यतः त्यांतूनच. शेवटच्या आठवड्यात मेसनने हक्कांची सनद जोडण्याची सूचना केली. सर्व संस्थानांनी ती फेटाळली आणि मेसनने घटनेवर सही केली नाही. मॅडिसनचे म्हणणे असे की काही हक्कांची यादी केली तर यादीत नसलेले हक्क नाहीतच असा अर्थ निघेल. आणि दुसरे म्हणजे, बहुमताच्या मनात आले की असल्या कागदी कुंपणांना कोण जुमानतो? व्हर्जिनियातच जाहीरनामा असताना तो धर्मकर आलाच होता ना! हे त्याचे म्हणणे पोरकट नव्हते. लिहिलेला हक्क आणि मिळालेला हक्क यांतले अंतर ज्याने डोळ्यांनी पाहिले होते त्याचे ते म्हणणे होते.

त्याचे मन वळविण्यात दोघांचा हात मोठा आहे. एक जेफरसन. तो त्या वेळी पॅरिसमध्ये वकील म्हणून होता आणि तेथून पत्रामागून पत्र लिहून सनदेचा आग्रह धरीत होता. लेखी हक्काचा आधार घेऊन न्यायाधीश सरकारला अडवू शकतील, हा मुद्दा त्याने पुढे मांडला. दुसरे ते बॅप्टिस्ट लोक. जॉन लीलंड हा त्यांचा लोकप्रिय उपदेशक. नव्या घटनेवरचे त्याचे लेखी आक्षेप फेब्रुवारी १७८८ च्या अखेरीस मॅडिसनकडे पोहोचले. त्यात धर्मस्वातंत्र्याची हमी कोठेच नाही, ही मोठी तक्रार होती. जे तुरुंगात बसून आले होते त्यांना कागदी कुंपणसुद्धा हवे होते. लीलंड आणि मॅडिसन यांची समक्ष भेट होऊन समेट झाला, अशी आख्यायिका त्या भागात सांगतात.

जून १७८८ मध्ये व्हर्जिनियाने घटना मान्य केली, पण ८९ विरुद्ध ७९ अशा निसटत्या मतांनी. नंतर पहिल्या प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत मॅडिसनसमोर जेम्स मन्रो उभा राहिला. तोही पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. मॅडिसन दुरुस्त्यांच्या विरुद्ध आहे अशी कंडी पिकली. तेव्हा जानेवारी १७८९ मध्ये त्याने जॉर्ज ईव्ह या बॅप्टिस्ट पाळकाला पत्र लिहून, सद्सद्विवेकाच्या हक्कासह सर्व मुख्य हक्कांसाठी आपण दुरुस्त्या आणू असा शब्द दिला. ईव्हने आपल्या लोकांत त्याची बाजू घेतली. कडाक्याच्या थंडीत दोघे उमेदवार मित्रभावाने बरोबरच प्रचाराला हिंडत. एकदा जर्मन लूथरनांच्या मंदिरात उपासनेनंतर बाहेर बर्फात उभे राहून दोघांचा वाद झाला. लोक शेवटपर्यंत उभे राहून ऐकत होते. त्या रात्री घोड्यावरून परतताना मॅडिसनचे नाक थंडीने इतके पोळले की त्याची खूण कायमची राहिली, आणि म्हातारपणी ती दाखवून लढाईतली जखम म्हणून तो थट्टा करी. १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी तो निवडून आला.

दिलेला शब्द त्याने पाळला. ८ जून १७८९ रोजी त्याने प्रतिनिधिगृहात दुरुस्त्या मांडल्या. इतर सभासदांना त्यांची घाई नव्हती. जकातीचे काम आधी, हे मागून पाहू, असे ते म्हणत. पण त्याने पिच्छा सोडला नाही. प्रतिनिधिगृहाने सतरा दुरुस्त्या मंजूर केल्या, सिनेटने त्या छाटून बारा केल्या, आणि सप्टेंबरात त्या संस्थानांकडे मान्यतेसाठी गेल्या. बारांपैकी दहा १५ डिसेंबर १७९१ रोजी, व्हर्जिनियाच्या मान्यतेने, पक्क्या झाल्या. उरलेल्या दोहोंपैकी एक, सभासदांनी स्वतःचा पगार लगेच वाढवून घेऊ नये अशी, दोनशे वर्षे पडून होती. ती १९९२ मध्ये पुरेशा संस्थानांनी मान्य करून सत्ताविसावी दुरुस्ती म्हणून घटनेत आली!

येथे एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुरुस्त्या घटनेच्या मजकुरातच जागच्या जागी घालाव्यात असे मॅडिसनला वाटत होते. कनेक्टिकटच्या रॉजर शर्मनने मूळ मजकुराला हात न लावता त्या शेवटी जोडाव्यात असा हट्ट धरला व तो मान्य झाला. म्हणूनच अमेरिकेत पहिली दुरुस्ती, पाचवी दुरुस्ती असे आकड्याने बोलतात. आपल्याकडे मॅडिसनच्या मनातली पद्धत चालते. दुरुस्ती झाली की कलमच बदलते किंवा नवे कलम मध्ये बसते, जसे शिक्षणाच्या हक्काचे २१-क हे कलम २००२ च्या दुरुस्तीने बसले. आणखी एक फरक असा की तेथे पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याला कुंपण घातले, तर आपल्या १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने त्या स्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणे वाढविली. तेव्हा दुरुस्ती म्हटली की हक्क वाढलाच, असे समजण्याचे कारण नाही. दुरुस्ती वाचूनच पाहावी लागते.

त्या दहा दुरुस्त्यांत काय आहे? पहिलीत धर्म, भाषण, वृत्तपत्रे, शांतपणे जमणे आणि सरकारकडे दाद मागणे ही पाच स्वातंत्र्ये आहेत. पुढे, घराची झडती सबळ कारणाशिवाय होऊ नये, कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यावयास लावू नये, खटला उघड व लवकर चालावा, आरोपीला वकील मिळावा, शिक्षा क्रूर नसावी, अशी कलमे आहेत. नववी दुरुस्ती मॅडिसनच्या जुन्या शंकेचे त्याने स्वतःच दिलेले उत्तर आहे. यादीत नाही म्हणून तो हक्क लोकांना नाही असे समजू नये, असे ती सांगते. या सर्वांची भाषा लक्ष देण्यासारखी आहे. सरकार लोकांना काही देत आहे असे तीत कोठे नाही. सरकारने काय करू नये, एवढेच आहे.

परंतु मॅडिसनला जे कलम सर्वांत मोलाचे वाटत होते ते यात नाही. सद्सद्विवेकाचा हक्क, वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य आणि ज्यूरीपुढील चौकशी यांवर कोणत्याही संस्थानाने घाला घालू नये, असे ते होते. प्रतिनिधिगृहाने ते मानले, सिनेटने गाळले. जुलूम करणारे सरकार नेहमी दूरचे नसते, बहुधा ते जवळचेच असते, हे त्या तुरुंगाशेजारी राहिलेल्या माणसाला माहीत होते. कलम गाळल्याचा परिणाम असा झाला की सनद केवळ मध्यवर्ती सरकारला बांधू लागली. १७९१ मध्ये लीलंड आपल्या जन्मप्रांती मॅसॅच्युसेट्समध्ये परतला, तर तेथे मंडळीसाठीचा कर चालूच होता. तो १८३३ पर्यंत चालला.

कागदी कुंपणाविषयीची त्याची भीतीही फार लवकर खरी ठरली. सनद होऊन सात वर्षे झाली नाहीत तोच १७९८ मध्ये सरकारची निंदा छापणाऱ्यास शिक्षा करणारा राजद्रोहाचा कायदा आला. संपादक तुरुंगात गेले. व्हर्माँटचा मॅथ्यू लायन हा तर प्रतिनिधिगृहाचा सभासद, त्यालाही चार महिने कैद झाली, आणि लोकांनी तुरुंगात असतानाच त्याला पुन्हा निवडून दिले. मॅडिसनने व्हर्जिनियाच्या विधिमंडळातून या कायद्याविरुद्ध ठराव व सविस्तर अहवाल लिहिला. १८०१ मध्ये तो कायदा मुदत संपून गेला.

१८०९ ते १८१७ अशी आठ वर्षे तो राष्ट्राध्यक्ष होता. या काळातील युद्ध, वॉशिंग्टन शहराची जाळपोळ वगैरे गोष्टी इतिहासाच्या पुस्तकांत सापडतील. आम्हांला त्याचे १८११ मधले दोन नकार अधिक महत्त्वाचे वाटतात. एक एपिस्कोपल मंडळीला गरिबांच्या मदतीसह कायदेशीर अधिकार देणारे विधेयक त्याने परत पाठविले. त्यानंतर आठवड्याभरातच मिसिसिपी भागातील एका बॅप्टिस्ट मंडळीला सरकारी जमीन देणारे विधेयकही परत पाठविले. ज्या लोकांच्या मतांवर तो निवडून आला होता त्यांचेच ते काम होते. यावर उत्तर कॅरोलिनातील बॅप्टिस्ट मंडळ्यांनी त्याला पत्र लिहून त्याच्या नकाराला पसंती कळविली. जमीन कोणाला नको असते? तरी त्यांनी हे केले. युद्धकाळात राष्ट्रीय प्रार्थनेचे दिवस मात्र त्याने जाहीर केले होते, आणि ते राष्ट्राध्यक्षाचे काम नव्हे असे म्हातारपणी त्याने आपल्या टिपणांत लिहून ठेवले.

त्याच युद्धाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले तेव्हा त्यांचा देश इंग्लंडशी लढत होता. कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते, त्यातून हे शत्रूच्या देशातले. त्यांना निघून जाण्याचे हुकूम झाले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सौजन्याने व त्याच वर्षीच्या नव्या चार्टर कायद्याने ते टिकले, आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. व्हर्जिनियातल्या उपदेशकांसारखाच त्यांच्यापुढेही परवान्याचा प्रश्न होता.

आता दुसरी बाजू. मॅडिसनच्या माँटपेलियर येथील शेतावर शंभराहून अधिक गुलाम राबत. १७८३ मध्ये, फिलाडेल्फियात बरोबर असलेल्या बिली नावाच्या गुलामाला स्वातंत्र्याची ओढ लागली. तेव्हा ज्यासाठी आपण रक्त सांडले तेच त्याने इच्छिले म्हणून त्याला शिक्षा करणे योग्य नव्हे, असे मॅडिसनने वडिलांना लिहिले. लिहिले, आणि बिलीला काही वर्षांच्या मुदतीने विकले. गुलामगिरी पाप आहे हे त्याने अनेकदा मान्य केले, पण स्वतःच्या गुलामांना मृत्युपत्रातही मुक्त केले नाही. त्यांच्या संमतीवाचून त्यांना विकू नये एवढी इच्छा त्यात होती, आणि कर्जात बुडालेली पत्नी डॉली हिने पुढच्या वर्षांत त्यांतील अनेकांना विकले. काळ तसा होता असे म्हणून आम्ही हे झाकणार नाही. त्याच व्हर्जिनियात त्याच्या हयातीत काही मालकांनी आपले गुलाम मुक्त केले होते.

२८ जून १८३६ रोजी सकाळी मॅडिसन वारला. ४ जुलैच्या राष्ट्रीय दिनापर्यंत औषधांनी जीव धरून ठेवावा ही सूचना त्याने नाकारली होती. त्या वेळी खोलीत पॉल जेनिंग्ज होता. माँटपेलियरवर गुलाम म्हणून जन्मलेला हा मनुष्य सोळा वर्षे एक दिवसाआड धन्याची दाढी करीत आला होता. १८४७ मध्ये सिनेटर डॅनियल वेबस्टर याने १२० डॉलर देऊन त्याला सोडविले, आणि दरमहा आठ डॉलरप्रमाणे जेनिंग्जने ते काम करून फेडले. पुढे डॉली दारिद्र्यात पडली तेव्हा तो आपल्या खिशातून तिला अधूनमधून पैसे देऊन येत असे. १८६५ मध्ये मॅडिसनच्या त्याच्या आठवणींचे छोटे पुस्तक छापले गेले. धन्याविषयी त्यात कडवट शब्द नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने, कोणत्याही संस्थानाने कायद्याच्या योग्य मार्गावाचून कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता घेऊ नये व सर्वांना कायद्याचे सारखे संरक्षण द्यावे, असे ठरले. १७८९ मध्ये सिनेटने जे गाळले होते ते या वाटेने परत आले. तरी धर्मस्वातंत्र्याचे कलम संस्थानांनाही बांधते, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत १९४० साल उजाडले. वर्णावरून मताधिकार नाकारू नये ही पंधरावी दुरुस्ती १८७० ची. दक्षिणेत कितीतरी दशके ती कागदावरच राहिली. पॉल जेनिंग्जने या तिन्ही दुरुस्त्या पाहिल्या. वॉशिंग्टनमध्ये त्याने स्वतःचे घर घेतले होते. तो १८७४ मध्ये वारला.